बाळ बघायला जाणाऱ्यांसाठी प्राथमिक धडे

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात कुणाकडे बाळ जन्मलं की ते बघायला जावं लागतं, आणि नवख्यांना ते जमत नाही. झबलं-टोपडं हातात ठेवतात, ‘छान आहे हो’ म्हणतात, चहा घेऊन उठतात. याला आपल्याकडे बाळ बघणं म्हणत नाहीत. बाळ बघणं म्हणजे त्याच्या वजनावर मत देणं. ते कधी द्यावं, कुणाकडे बघून द्यावं आणि बाळाची आई माहितगार निघाली तर काय करावं, एवढ्यापुरते हे धडे.

पहिलं म्हणजे लवकर जा. परळच्या नवरोसजी वाडिया प्रसूतिगृहात १९२६ पासून बाळं जन्मताहेत, आणि भेटीच्या वेळेत मतंही तेव्हापासूनच दिली जात असणार. सुरुवातीचे दोन-तीन दिवस सोन्याचे. आईला अजून भरपूर दूध नसतं, घट्ट पिवळसर चीक असतो, तोही एका वेळी जेमतेम चमचाभर. बाळाला तेवढाच लागतो, कारण पोटही तेवढंच. पण हे तुम्हाला माहीत असण्याची गरज नाही. ‘दूध अजून उतरलं नाही वाटतं’ हे वाक्य बाळंतिणीला ऐकू जाईल अशा हलक्या आवाजात, तिच्या सासूकडे बघून म्हणायचं. पुढचं काम आपोआप होतं.

याच आठवड्यात वजनाचा काटाही तुमच्या बाजूने असतो. जन्मल्यावर बहुतेक बाळांचं वजन थोडं उतरतं. सात टक्क्यांपर्यंत उतरलं तरी कुणी घाबरत नाही, दहाच्या पुढे गेलं तर डॉक्टर स्वतः लक्ष घालतात, आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून येतं. नर्स विचारते ती लंगोट किती ओले होतात ते. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहाच्या आसपास झाले की दूध पुरतंय. लंगोट मोजणं हे पाहुण्याचं काम नव्हे. तुम्ही फक्त ‘तीन किलोचं बाळ दोन आठशेवर आलं’ एवढं उचला आणि फणसवाडीपासून हिंदू कॉलनीपर्यंत संध्याकाळच्या आत पोचवा.

आता डबा. हा धडा मोठा आहे, कारण इथे देशाचा कायदा आडवा येतो. पूर्वी सोपं होतं. गुबऱ्या गालांचं बाळ जाहिरातीतून हसायचं, आणि कुणाच्या मुलाला ‘अगदी ग्लॅक्सो बेबी!’ म्हटलं की आई-बापांची छाती फुगायची. मग ३ डिसेंबर १९९१ला वर्ध्यात स्तनपानाचा पुरस्कार करणारं डॉक्टर-कार्यकर्त्यांचं देशव्यापी जाळं उभं राहिलं, १९९२मध्ये कायदा आला आणि २००३मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीची, डबाबंद खाण्याची, दुधाच्या बाटलीची जाहिरात करायची नाही. पावडरीच्या डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र नाही. आईला फुकट नमुना द्यायचा नाही. वर, आईचं दूध सर्वात उत्तम, हे विकणाऱ्यानेच डब्यावर छापायचं! कंपन्यांचे हात असे बांधले गेल्यावर सगळी जबाबदारी कुणावर आली? आत्या, मावश्या, काकू आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या आजींवर. त्यांना हा कायदा लागू नाही. तेव्हा ‘आमच्या सोनूला वरचं दूध सुरू केलं आणि महिन्यात कसा भरला!’ असं बिनधास्त सांगा. बाटली तोंडात गेली की बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी बनतं. पंधरा दिवसांनी तुमचंच म्हणणं खरं ठरतं. असा स्वतःच खरा होणारा सल्ला दुसऱ्या कुठल्या विषयात देता येत नाही.

कधी कधी मात्र डॉक्टरांनीच डबा लिहून दिलेला असतो, कारण काही आयांना आणि काही बाळांना तो खरोखरच लागतो. अशा वेळी गोंधळू नका. मत फिरवा: ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं. हल्लीच्या मुलींना धीरच नाही.’ बाळ कमी दिवसांचं असेल आणि कुणी दुग्धपेढीचं नाव काढलं, तर नाक मुरडा. आशियातली पहिली दुग्धपेढी आपल्या शेजारीच, शीवच्या रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ला सुरू केली, ही माहिती तिथे कुणाला असायची शक्यता कमी.

मे महिन्यात गेलात तर पाण्याचा विषय हातचा जाऊ देऊ नका. ‘घसा सुकला असेल हो पोराचा.’ आईच्या दुधात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं, म्हणून डॉक्टर सहा महिने पाण्याचा थेंबही नको म्हणतात. पण डॉक्टरांच्या केबिनमध्ये एसी असतो. त्यानंतर गुटी. सहाण धुवायची, म्हणजे नळाखाली धरायची. त्यावर जायफळ, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, खारीक, बदाम, एकेकाचे मोजून वळसे. जायफळाचा वळसा जास्त झाला तर बाळ शांत झोपतं आणि सगळे म्हणतात, गुटी मानवली. शेवटी बोटभर मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून क्वचित एक भयंकर आजार होतो, असं बालरोगतज्ज्ञ सांगतील. त्यांना सांगा, आम्ही मधावरच वाढलो. ज्यांचं वाढणं अर्ध्यावर राहिलं ते सांगायला येत नाहीत, हा या युक्तिवादाचा मोठा फायदा.

सर्वात अवघड प्रसंग म्हणजे आई फाइलीतून वाढीचा तक्ता काढते. डोळ्यांना झोप नसते, केस बांधलेले नसतात, पण तक्ता मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला. त्यावर ठिपके आणि ठिपक्यांची रेघ. ती सांगते की पूर्वीचे तक्ते अमेरिकेतल्या मुख्यतः बाटलीवरच्या बाळांवरून केलेले होते. अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने भराभर भरतं, मग त्याचा वेग मंदावतो, आणि त्या तक्त्यावर ते उगाच मागे पडल्यासारखं दिसायचं. २००६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतली, त्यात आपल्या दिल्लीतलीही, अंगावर पिणारी बाळं मोजून नवा तक्ता केला. त्यात सहा महिन्यांचा मधला मुलगा ७.९ किलोचा, मुलगी ७.३. पण खालच्या रेघेवरचं बाळही ठीकच, आपली रेघ धरून चाललं म्हणजे झालं. यावर उत्तर नसतं. म्हणून चष्मा घरी राहिला असं सांगायचं, आणि समोरच्या जोशींचं बाळ मांडीवर मागून घ्यायचं. तक्त्यापेक्षा शेजारचं बाळ केव्हाही जड.

काही आया याच्याही पुढच्या. त्या केईएमचं नाव काढतात. परळचं नव्हे, पुण्याचं. तिथे डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३पासून जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं अभ्यासली. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. आपली हडकुळी खरी, पण हाडा-मांसाच्या मानाने चरबी राखून असलेली. त्यात दिल्लीच्या एका दीर्घ अभ्यासात आढळलं की लहानपणी बारीक असलेली आणि दोन वर्षांनंतर उंचीच्या मानाने वजन झपाट्याने वाढलेली मुलं तिशीच्या आसपास मधुमेहाकडे अधिक झुकली. थोडक्यात, तुम्ही जो गुटगुटीतपणा मागताय त्याची बिलं नंतर येतात. इथे चहाचा कप उचलून आत नेऊन ठेवा. पण तीच आई उत्साहाच्या भरात ‘अंगावर पाजलं की मूल पुढे जाड होतच नाही’ असं म्हणाली, तर धरा तिला. बेलारूसमध्ये सतरा हजार बाळांवर प्रयोग झाला. ज्या दवाखान्यांतून स्तनपानाला जोरदार आधार दिला तिथली बाळं जास्त काळ अंगावर प्यायली, त्यांना जुलाबही कमी झाले, पण साडेअकराव्या वर्षी वजनात फरक नव्हता. या धड्यांत तुम्हाला खरं बोलायची संधी एवढी एकच आहे.

गिरणगावात जुने लोक बाळागोळीची आठवण काढतील. आई खात्यावर जायची तेव्हा बाळ झोपून राहावं म्हणून अफूची गोळी. मुंबई कायदेमंडळात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाची बाजू १९२८मध्ये बाबासाहेबांनी मांडली, १९२९मध्ये कायदा झाला, आणि २०१७पासून नोकरदार आईला २६ आठवडे पगारी रजा आहे. म्हणजे बरोबर ते सहा महिने. चार घरची धुणीभांडी करणारीला ती नाही. पण तिच्याकडे बाळ बघायला तुम्ही जाणार नसल्याने हा धडा गाळला तरी चालेल.

उष्टावणाला हजर राहा. वरणाच्या पाण्याचा आग्रह धरा. डाळ तळाशी ठेवून वरचं पाणी बाळाला द्यायचं, हे आपल्याकडचं खास कौशल्य. वर्ष झालं की काम आणखी सोपं. पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलो वाढतं, साहजिकच भूक उतरते. आई रडकुंडीला आलेली असते, ‘खातच नाही हो.’ तुम्ही वाटी घ्या, गॅलरीभर मागे धावा, कावळा दाखवा, मोबाइल दाखवा, तोंड मिटलं की चमचा दातांवर वाजवा. बाळाला पोट भरल्याचं कळतं, हे त्याला हळूहळू विसरायला लावणं हाच या वयातला अभ्यासक्रम. दरम्यान मंडळाची सुदृढ बालक स्पर्धा आली तर नाव घाला. परीक्षक स्थानिक पुढारी असतात आणि मांडीला चिमटा काढून गुण देतात.

पुढचे धडे प्रगत विद्यार्थ्यांसाठी. मूल सातवीत गेल्यावर दादरच्या एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये भेटतं. त्याला चारचौघांत हाक मारा, पोटाला बोट लावा आणि म्हणा, ‘काय रे, किती सुटलायस! शिवाजी पार्कला पळायला जात जा जरा.’ हे म्हणता म्हणता वाढप्याला थांबवून त्याच्या ताटात आणखी दोन जिलब्या टाकायला लावा. नको म्हणाला तर, ‘खा रे, वाढीचं वय आहे!’