गंगेवर जाऊन येते

ऑगस्टातला पाऊस. एका हातात छत्री, पाठीवर तिच्याहून उंच सॅक, अशी पोरगी गाडीतून उतरली आणि म्हणाली, "नाशिक?"

"नाही, नाशिकरोड. नाशिक अजून नऊ-दहा किलोमीटर."

"मग स्टेशन इथे का?"

हा प्रश्न आमच्या घरात तीन पिढ्या पडून आहे. मी मुकाट्याने सॅक उचलली.

जर्मनीत २००८ पासून 'वेल्टव्हेर्ट्स' नावाची सरकारी योजना आहे. १८ ते २८ वयाची मुलं त्यातून परदेशात सेवेला जातात. ही १९ वर्षांची. वर्षभर एका शाळेत मदत करणार आणि पंचवटीत आमच्या माडीवर राहणार. रिक्षात तिने मोबाइलवर नकाशा उघडला होता. शालिमार आलं, तिने बाग शोधली. रविवार कारंजा आला, तिने वार बघितला; मंगळवार होता. त्यानंतर तिने नकाशा मिटला. शहाणी होती.

परदेशी पाहुणा घरी उतरला की घरमालकाने २४ तासांत तेव्हा 'फॉर्म सी' भरायचा असे. रात्री मी तो ऑनलाइन भरायला बसलो. पत्ता आई मागून सांगत होती, "काळारामाच्या मागची बोळ, तिथे पिंपळाचा पार, आणि कुणालाही विचारा म्हणावं." एक रकाना होता, पुढचा मुक्काम कुठे? मी पोरीकडे पाहिलं.

"गंगा. आजी उद्या सकाळी नेणार आहेत."

मी ते टाइप केलंसुद्धा. आपण काय लिहिलं हे बायकोने सांगितल्यावर खोडलं.

पण ही गंमत पोरीला कोणी सांगितलीच नाही. पहाटे सहाला ती अंगणात उभी. पाठीवर सॅक, पाण्याच्या दोन बाटल्या, गुंडाळलेली झोपायची पिशवी, खिशात औषधं. तिने रात्री नकाशात वाराणसी बघून ठेवली होती. हजार किलोमीटरच्या पुढे! आई हातात तांब्या आणि फुलांची परडी घेऊन बाहेर आली. दोघींनी एकमेकींचं सामान पाहिलं. चार मिनिटांत आम्ही तिघं रामकुंडावर पोचलो.

"ही तर गोदावरी!" पोरगी म्हणाली.

"गौतम ऋषींनी आणलेली गंगाच ती," आई म्हणाली.

"मग गोदावरी कशाला म्हणता?"

"कागदावर," मी मध्ये पडलो.

त्याच आठवड्यात पूर आला. आमच्याकडे पुराचं माप मीटरमध्ये नसतं, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर असतं. "कुठवर आलं?" "गुडघ्याला." तासाभराने, "कमरेला." पोरीने हे सगळं वेळेसह वहीत टिपलं आणि घरी कळवलं. दुसऱ्या दिवशी जर्मनीहून तिच्या आईचा घाबरा फोन: त्या मारुतीला बाहेर काढलं का?

पुढे ती रुळली. चहा बशीतून प्यायला शिकली, मिसळीवर "तर्री टाका" म्हणू लागली, रिक्षावाल्याशी माझ्यापेक्षा बरी हुज्जत घालू लागली. रंगपंचमीला मात्र पुन्हा हादरली. नाशिककर धुळवडीला कोरडे आणि रंगपंचमीला ओले. शनी चौकात रस्ता उकरून पेशवेकालीन रहाड उघडली, पूजा झाली, रंगाचं पाणी भरलं आणि माणसं त्यात धप्पा मारू लागली. पोरगी त्याच चौकातून सहा महिने शाळेत जात होती.

"खाली एवढा मोठा हौद आहे, हे मला कोणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे?"

ती म्हणाली, मी काठावरूनच बघते. रहाडीच्या काठावर आजवर कोणी कोरडं राहिलेलं नाही.

वर्ष संपलं, ती गेली. माडीला कुलूप आहे. यंदा ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं त्या रात्री तिचा मेसेज आला, देवनागरीत: "मारुतीला कुठवर?"

आईने चष्मा लावून स्वतः उत्तर टाकलं: "छातीला. अजून वाढतंय."