कोनाले सांगू नोको!

नागपुरात गुपित सांगायची एक ठरलेली रीत आहे. आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, मग आवाज खाली आणून म्हणायचं, ‘तुले म्हणून सांगतो, कोनाले सांगू नोको.’ एवढा विधी झाला की बर्डीवर निघालेली बातमी तर्री-पोह्याची प्लेट संपायच्या आत इतवारीत पोचलेली असते. मेट्रोला जास्त वेळ लागतो.

अशा शहरात जो माणूस ‘तुमचं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही’ असं सांगून खुर्ची मांडतो, त्याच्या हिमतीला दाद द्यायला हवी. समुपदेशकाला पैसे द्यायचे ते त्याच्या या तोंड बंद ठेवण्याचे. सल्ला काय, तो पानठेल्यावर फुकट मिळतो, वर चुना जास्त लावून.

आणि तोंड बंद ठेवण्याची गरज आपल्याकडे इतरांपेक्षा थोडी जास्तच आहे. ऑटोवाल्याला ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ म्हणा, तो आपल्याकडे बघत राहतो. ‘पागलखाना चौक’ म्हणा, लगेच किक मारतो. त्या चौकात नुसतं ऑटोची वाट बघत उभं राहिलं तरी घरी फोन जातो की तुमच्या मोठ्याला तिथं पाहिलं बाप्पा, सगळं ठीक आहे ना?

आता शाळेत चला. कुठल्या, ते विचारू नका, कुठलीही घ्या. नववीतली पोरगी समुपदेशक मॅडमना सांगते की वर्गातला एक मुलगा आवडतो आणि अभ्यासात लक्ष लागत नाही. दुसऱ्या तासाला ही गोष्ट वर्गशिक्षिकेला कळते, ‘विश्वासात घेऊन’. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूममध्ये डब्याबरोबर फिरते. संध्याकाळी आईला फोन जातो, तोही विश्वासात घेऊनच. ‘विश्वासात घेणे’ म्हणजे दुसऱ्याचा विश्वास आपण वाटून खाणे, हा अर्थ कोशात अजून यायचा आहे. पोरगी त्यानंतर मनातलं वहीलासुद्धा सांगत नाही.

पण तीच पोरगी उद्या येऊन म्हणाली की काका अंगाला हात लावतो, तर? इथं मात्र पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गप्प बसणं हा कलम २१ खालचा गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि नेमकं याच वेळी सगळ्यांना गोपनीयता आठवते. मुलीच्या भविष्याचा प्रश्न आहे, घरातली गोष्ट आहे, शाळेचं नाव आहे. वर्गातलं प्रेम स्टाफरूमभर, आणि गुन्हा तेवढा कपाटात.

कायद्याने ही उलटापालट सांगितलेली नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २३ सांगतं की रुग्णाचं आजारपण आणि उपचार गुप्त ठेवले जाणं हा त्याचा हक्क आहे. हक्क त्याचा, उपचार करणाऱ्याचा नव्हे. कुणाच्या जिवावर बेतत असेल, दुसऱ्याला इजा होणार असेल, सक्षम प्राधिकरणाचा किंवा वरच्या न्यायालयाचा आदेश असेल, अशा मोजक्या वेळी कुलूप उघडायचं, तेही लागेल तेवढंच. आईच्या मैत्रिणीला चैन पडत नाही, हा अपवाद त्या यादीत मला सापडला नाही.

कुणाला सांगायचं, हाच खरा पेच. अमेरिकेत बर्कलीला भारतातून गेलेला एक विद्यार्थी होता. आपण एका तरुणीला मारणार आहोत, असं त्याने १९६९ मध्ये आपल्या थेरपिस्टला सांगितलं. थेरपिस्टने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी त्याला धरलं, बोलणं शहाण्यासारखं वाटलं म्हणून सोडून दिलं. त्या तरुणीला, तातियाना टॅरासॉफला, कुणी काहीच सांगितलं नाही, आणि २७ ऑक्टोबरला तिचा खून झाला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवलं की जिच्या जिवाला धोका आहे तिच्या रक्षणाची जबाबदारी थेरपिस्टवरही येते. जगभर समुपदेशनाच्या वर्गात हा खटला शिकवतात. आपल्या वर्गातही शिकवत असतील. परीक्षेला येत असावा.

आता घरचं प्रकरण, आणि इथं थट्टा जरा बाजूला ठेवतो.

जानेवारी २०२५ मध्ये हुडकेश्वर पोलिसांनी आपल्याच शहरातल्या एका समुपदेशकाला अटक केली. आरोप असे की व्यक्तिमत्त्व घडवण्याच्या नावाखाली निवासी शिबिरं घ्यायची, तिथं विद्यार्थिनींचं लैंगिक शोषण करायचं, फोटो काढून ठेवायचे आणि पुढे त्यांच्या जोरावर धमकवायचं. सुमारे पंधरा वर्षं हे चालल्याचं आणि बळींची संख्या पन्नासच्या घरात असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. एका माजी विद्यार्थिनीने तक्रारीची हिंमत केली तेव्हा झाकण उडालं. बाकीच्यांतल्या कित्येकींची लग्नं झालेली. नाव बाहेर आलं तर संसाराचं काय, म्हणून त्या पुढे येईनात. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल.

माझा प्रश्न त्या पंधरा वर्षांचा आहे. ज्या शहरात नववीतल्या पोरीचं गुपित एक मधली सुट्टी टिकत नाही, तिथं हे गुपित दीड दशक टिकलं कसं? टिकलं, कारण या कुलपाची किल्ली त्या मुलींकडे कधी नव्हतीच. लाज त्यांच्या वाट्याला आली होती. आपण मात्र शिबिराला पोर पाठवताना काय विचारतो? जेवण शाकाहारी आहे का, गाद्या आहेत का, मागच्या वर्षीचा ‘रिझल्ट’ काय. सरांची नोंदणी कुठं आहे, हे विचारणाऱ्या बापाला बाकीचे बाप शंकेखोर म्हणतात.

आणि समजा त्यातली एखादी सात-आठ वर्षांपूर्वीच उठली असती, पोलिसांत जायचं बळ नाही पण तक्रार करायची आहे, असं म्हणाली असती, तर कुणाच्या दारात जायचं? डॉक्टर चुकला तर मेडिकल कौन्सिल आहे, वकील चुकला तर बार कौन्सिल. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकारतज्ज्ञ आहे, परिचारिका आहे, सामाजिक कार्यकर्ता आहे. ‘समुपदेशक’ या पाटीला मात्र लागतो तो फक्त पेंटर.

तर्री-पोह्याच्या गाडीलाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ऑटो चालवायचा तर परमिट लागतं, बिल्ला लागतो. पोटात काय जातं आणि ढुंगणाखाली कुठली सीट येते, याची सरकारला काळजी आहे. मनात हात घालणाऱ्याने मात्र हात धुतले का, ते विचारायला कुणी नाही.

म्हणजे अगदीच नाही असंही नाही. २०२१ मध्ये संसदेने सहायक आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी आयोगाचा कायदा केला. त्यात मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक आले, राज्या-राज्यांत परिषदा, नोंदवह्या, शिस्तभंगाची कारवाई, सगळं आलं. मग तो कायदा निवांत लवंडला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला हलवून उठवलं आणि अंमलबजावणीसाठी १२ ऑक्टोबरपर्यंतची मुदत दिली. हुडकेश्वरची अटक त्या मुदतीनंतर तीन महिन्यांनी झाली.

गंमत अशी की हे नीट कसं करायचं, ते याच महाराष्ट्राला माहीत आहे. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा. आपल्या राज्यात त्या न्यायालयांना समुपदेशक जोडलेले आहेत, आणि नवरा-बायको त्यांच्यासमोर जे बोलतात ते गोपनीय मानायचं, समुपदेशकाला साक्षीच्या पिंजऱ्यात ओढायचं नाही, असं नियमांतच लिहून ठेवलंय. मोडायला निघालेल्या संसाराला जे संरक्षण आपण देतो, ते शिकायला निघालेल्या पोरीला देताना कागद संपतो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक केलं. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर देशभरासाठी निर्देश दिले, आणि शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सांगितलं. कोचिंग क्लासेसही त्यात आले. नागपुरात क्लासेस किती, ते मोजायचं तर आधी होर्डिंगं मोजावी लागतील. म्हणजे आता समुपदेशकांची भरती निघणार. ‘प्रशिक्षित’ या शब्दाचं आपल्याकडे काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. पीटीचे सर शनिवार-रविवार कुठंसं जाऊन येतात आणि सोमवारी शिट्टीच्या जागी गळ्यात ओळखपत्र अडकवतात.

परवा आमच्या वस्तीत एक नवी पाटी दिसली. ‘करिअर, विवाह, वास्तू व मनःशांती समुपदेशन. शंभर टक्के गोपनीय.’ खाली मोबाइल नंबर. म्हटलं, करून बघू. फोन केला. पलीकडचा आवाज मधासारखा. फी सांगितली, वेळ सांगितली, पहिल्या बैठकीला सवलत आहे म्हणाले.

मी विचारलं, ‘साहेब, तुमचा नोंदणी क्रमांक काय आहे?’

थोडा वेळ शांतता. मग आवाज खाली आला.

‘काय हाय भाऊ, ते गोपनीय असते.’