खालून पाणी देणारे गुरुजी

जव्हार-मोखाड्यात हिंडलात तर एखाद्या पाड्यावर असे निवृत्त गुरुजी भेटतातच, ज्यांची शाळा सुटली पण शिकवायची खोड सुटली नाही. पोरं आश्रमशाळेत गेलेली. हाताशी उरतात ती मिरची-वांग्याची रोपं. रोपं वर्गात गप्प बसतात, उलट प्रश्न विचारत नाहीत आणि वारा आला की माना डोलावतात. गुरुजींना आणखी काय हवं?

गुरुजींचा सिद्धांत एकच: रोपाला पाणी वरून घालायचं नाही. झारी धरली की माती उडते, कोवळं रोप आडवं होतं, पानं ओली राहिली की बुरशी धरते. म्हणून पडवीत फळी, फळीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर जुनी सुती गोधडी आणि गोधडीवर बुडाला भोकं असलेले, कोकोपीट भरलेले ट्रे. गोधडीचं एक टोक चार बोटं खाली ठेवलेल्या घमेल्यात. कंदिलाची वात रॉकेल ओढते तशी गोधडी पाणी ओढते आणि कोकोपीट ते हवं तेवढंच पितं. पहिल्या दिवशी ट्रे वरूनच भिजवावे लागतात, नाहीतर गोधडीचं आणि कोकोपीटचं सूत जुळत नाही. हा अपवाद मात्र गुरुजी फार हळू आवाजात सांगतात.

शेजारचा म्हातारा बिडी विझवून म्हणतो, "गुर्जी, आमचा भात कधी गोधडीवर बसून पाणी पेला नाय." झालं! केशाकर्षणाचा तास सुरू होतो आणि म्हाताऱ्याची बैलं तोवर दुसऱ्याच्या शेतात जाऊन येतात.

एकदा हुरूप वाढून गुरुजींनी बादली फळीपेक्षा उंच ठेवली. रात्रभर गोधडीतून पाणी झिरपत राहिलं. सकाळी बादली कोरडी आणि ओटा न्हालेला. काकूंनी विचारलं, "रोपांनी पिऊन उरलं ते ओट्याला दिलंत, की ओट्याचं उरलं ते रोपांना?" गुरुजींनी वहीत नोंद केली: 'पातळीचा प्रश्न.'

पाण्याची पातळी हा इथे खरोखरच प्रश्न आहे. पावसाळ्यात छपरं गळेस्तोवर कोसळतं आणि एप्रिलमध्ये बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. मोखाड्याच्या डोंगरांतलं मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागवतं. "पाणी उतारानं मुंबईला जातं, त्यात काय कौतुक? चढवून दाखवा!" गुरुजी ग्रामसभेत गरजले. मागून एका बाईनं विचारलं, "गुर्जी, हंडा गोधडीवर ठेवला त भरंल का?"

सभा हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढली, शांतपणे विचारलं, "हंड्याला बुडाला भोक चालेल का?"

तेव्हापासून गुरुजी पाड्यावर येताना दिसले की आया पोरांना हाका मारतात, "गोधड्या आत घ्या रं!"