इतर विषयांचे सर

हे सर कुणी नेमत नाही. ते घडतात, आणि तेही स्वतःच्या हातानं.

नव्यानं रुजू झालेला तरुण शिक्षक पहिल्याच आठवड्यात फळ्यावर पट्टी न लावता सरळ रेघ मारतो. नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई वर्गावरून जात असतात. त्या दारात थबकतात. "अय्या, सर, तुमचा हात चांगला आहे हो!" झालं. डी.एड.ला त्यानं मनापासून गणित केलेलं असतं, पण या एका वाक्यावर त्याची निवृत्तीपर्यंतची सगळी वर्षं ठरून जातात. पुढच्या सोमवारी वेळापत्रकात 'कला / कार्यानुभव / शा. शि.' या चौकटीपुढे त्याची आद्याक्षरं पडतात आणि मग ती कधी पुसली जात नाहीत.

कायद्याकडे दाद मागायची सोय नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण ते सहावी ते आठवीला, आणि तेही पट शंभरावर असेल तरच. तिसरी-चौथीच्या पोरांनी चित्रं काढावीत, उड्या माराव्यात, माती मळावी, याला कायद्याची ना नाही. त्यासाठी वेगळा माणूस लागतो, एवढंच त्याच्या ध्यानात आलेलं नाही. ती उणीव आमचे सर एकटे भरून काढतात.

सर पन्नाशीचे. शर्टाच्या खिशात लाल पेन, शिट्टी, बोथट टोकाची कात्री आणि रंगीत खडूचे तुकडे. त्यामुळे सगळ्या शर्टांचे खिसे आतून इंद्रधनुषी झालेले, आणि घरी त्यावरून रोज बोलणी. बूट वर्षातून दोनदाच, 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला. तास नसेल तेव्हाही त्यांना तास असतोच. "सर, तेवढं फलकलेखन." "सर, पाहुण्यांचं नाव थर्मोकोलवर." 2018 साली थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हा सरांना वाटलं होतं की आता सुटलो. दुसऱ्या दिवशी शिपाईमामा पुठ्ठा घेऊन हजर. शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देऊ नयेत, जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढेच अपवाद, असं त्याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं. सरांनी एकदा हे कलम मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "उद्या विस्तार अधिकारी येतायत. ती आपत्तीच आहे. रांगोळी मोठी काढा."

या विषयांत मुलं या सत्रात काय शिकतात, हे बालभारतीच्या 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकात व्यवस्थित दिलेलं आहे. चित्र, शिल्प, गायन, वादन, नृत्य, नाट्य या सहा कला. शिवाय लंगडी, कवायत, सूर्यनमस्कार. शिवाय जलसाक्षरता, आपत्ती व्यवस्थापन आणि वाहतूक सुरक्षा. थोडक्यात, भरतमुनी, औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि चौकातला वाहतूक हवालदार या तिघांची कामं एका माणसानं आठवड्यातल्या काही तासांत करायची. वार्षिक नियोजनात सर हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहितात, त्यावर मोठ्या बाईंची सही घेतात आणि कागद कपाटात ठेवतात. त्या कपाटाच्या दाराला आतून कालनिर्णय टांगलेलं असतं. खरं नियोजन ते.

जूनमध्ये प्रवेशोत्सवाच्या कागदी टोप्या, 21 तारखेला योगदिन, मग आषाढी, मग राख्या, मग 15 ऑगस्ट, मग गणपती, भोंडला, दिवाळी. सण येतो आणि विषय घेऊन येतो. सरांचं म्हणणं असं, की आपल्या पूर्वजांनी पंचांग केलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चौथीचं पहिलं सत्र असणार.

आषाढीची बालदिंडी बघाच. एका सकाळी सर निम्मं पुस्तक संपवतात. टाळ म्हणजे वादन. अभंग म्हणजे गायन. फुगडी म्हणजे नृत्य. पताका कापल्या ते कागदकाम, तुळशीचं रोप आणलं ते बागकाम, रिंगणात धावले ते शारीरिक शिक्षण. रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालले ती वाहतूक सुरक्षा, आणि वाटेत पाऊस आला ती जलसाक्षरता. विठ्ठल व्हायला वर्गातली सगळी मुलं तयार असतात. निवड झालेल्या विठ्ठलाला कमरेवर हात ठेवून तासभर हलायचं नाही हे कळतं, तेव्हा तो रखुमाईला हळूच विचारतो, "तू होतेस का?"

ऑगस्टमध्ये सरांच्या मनगटावरचं घड्याळ खाली उतरत नाही. राष्ट्रगीताला 52 सेकंद लागतात, लागलेच पाहिजेत. पोरं सुरुवात आरामात करतात आणि 'जय हे' दिसू लागलं की घराकडे निघाल्यासारखी सुटतात. सर हातानं ठेका धरून त्यांना मागे ओढत राहतात. कवायतीचं त्याहून अवघड. हुकूम हिंदीत, मुलं मराठी. 'पीछे मुड' म्हटलं की निम्मा वर्ग वळतो, उरलेला त्यांच्याकडे बघून वळतो, आणि एक मुलगा दरवर्षी पूर्ण गोल फिरून पुन्हा सरांकडे तोंड करून उभा राहतो. त्याचा आत्मविश्वास बघून सर त्याला पहिल्या रांगेतून काढत नाहीत.

पण त्यांना खरा जीव लावलाय तो शाडूच्या मातीनं. आदल्या रात्री भिजवलेली माती सकाळी व्हरांड्यात येते आणि सरांचा आवाज बदलतो. "मळा. अजून मळा. कानाच्या पाळीइतकी मऊ झाली की थांबा." बत्तीस मुलं एका हातानं माती आणि दुसऱ्या हातानं कान चाचपतात. त्या दिवशी घरी गेलेल्या कानांविषयी पालकांच्या चिठ्ठ्या येतात. "नुसतं चिकटवू नका. दोन्हीकडे काडीनं ओरखडे, मग पातळ माती, मग दाबा." "सोंड हवेत ठेवू नका, सुकताना गळते. पोटाला टेकवा." हे शास्त्र आहे आणि सर ते जपून शिकवतात. तरीही कुणीतरी पाणी जास्त घालतो आणि त्याचा गणपती खरोखरच बसतो. आणि जवळजवळ प्रत्येकाचा उंदीर गणपतीपेक्षा मोठा होतो, कारण उरलेली सगळी माती शेवटी उंदराच्या वाट्याला येते. सर उंदीर कमी करू देत नाहीत. "माती परत द्यायला ते काय रेशन आहे?"

चित्रकलेत मात्र ते कडक. मराठी मूल कुठलंही असो, डोंगर न पाहिलेलं का असेना, त्याचं चित्र ठरलेलं: दोन डोंगर, मधे सूर्य, तिथून निघालेली नदी, एक झोपडी, एक नारळ. सरांनी एका जूनमध्ये फर्मान काढलं, "या सत्रात डोंगर बंद." वर्गात सुतक पडलं. मग पोरांनी एस.टी. स्टँड काढलं, आठवडी बाजार काढला, पिठाची गिरणी काढली. एकानं उंट काढला. दोन मदारींचा. मधे सूर्य. सरांनी चित्राकडे बराच वेळ बघितलं आणि खाली लिहिलं, 'हुशार आहे.'

खडूच्या पेटीतल्या एका फिकट गुलाबी कांडीला सगळी मुलं 'अंगाचा रंग' म्हणतात. सरांनी ती कांडी एकदा वर्गभर फिरवली. "ज्याच्या हाताला जुळेल त्यानं ठेवून घ्यायची." कांडी शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत आली. मुलांनी एकमतानं ठरवलं की हा रंग ऑफिसच्या भिंतीचा आहे. तेव्हापासून त्या वर्गाच्या चित्रांत माणसं तपकिरी, आणि भिंती जरा जास्तच गोऱ्या. वारलीच्या तासाला हा प्रश्नच नाही. तिथं माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. या त्रिकोणांसाठी जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, असं सर सांगतात. तेव्हा भूमितीला घाबरणारी मुलंही मान वर करतात.

अर्थात तास मिळाला तर. गणिताच्या बाई दारात येतात, "सर, आजचा तेवढा तुमचा तास द्या हं, अपूर्णांक राहिलेत." असा उसना घेतलेला तास आजवर एकाही शाळेत परत आलेला नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं म्हटलं की अभ्यासाचे विषय आणि अभ्यासाबाहेरचे विषय हा भेद नको. आमच्या शाळेत तो कधीचाच नाही, दोन्ही तासांना गणितच होतं. सरांनी एक शंभरपानी वहीच घातली, 'उसने तास'. तारीख, नाव, कारण, सही. सप्टेंबरात ते वही घेऊन वसुलीला निघाले. बाई म्हणाल्या, "घ्या की. पण अपूर्णांक अजून राहिलेतच." सरांनी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणला. "कागद अर्धा दुमडा, नख फिरवा. आता पाव. आता एक अष्टमांश." दुमडता दुमडता टोपी झाली, होडी झाली, आणि वर्गातल्या सगळ्यात मागच्या मुलानं ओरडून सांगितलं की दोन पाव म्हणजे अर्धा, आपण उगाच घाबरत होतो. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी तास मागितला तो सरांसकट.

सत्राच्या शेवटी नोंदी. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि या तीन विषयांना लेखी परीक्षा नाही. वर्षभर मुलाकडे बघायचं आणि वर्णनात्मक नोंद लिहायची. बघायला वेळ कुणाला आहे? तयार नोंदी व्हॉट्सॲपवर फिरतात: 'चित्रात योग्य रंग भरतो.' 'तालबद्ध हालचाली करतो.' 'टाकाऊपासून टिकाऊ वस्तू बनवतो.' अख्खा तालुका टाकाऊपासून टिकाऊ बनवत असतो. आमचे सर मात्र बघून लिहितात. 'कागदाचा बेडूक लांब उडवते. घड्या शेजारणीकडून घालून घेते.' 'गाताना मागे राहतो, कारण इतरांचं ऐकत असतो.' 'लंगडीत पडला, रडला नाही, ज्यानं पाडलं त्याला नंतर पाडलं.' केंद्रप्रमुखांनी वही चाळली आणि चष्मा काढला. "सर, हे नमुन्यात बसत नाही." सर म्हणाले, "साहेब, पोरगाही बसत नाही."

दिवाळीच्या आधी आकाशकंदिलांचं प्रदर्शन. इथं सरांचा एकच नियम: वाकडे कंदील पुढे, सुबक मागे. कारण त्यांना कात्री वाचता येते. चौथीच्या मुलाचा काप कुठे थरथरतो, कुठे खळ अंगठ्यानं पसरते, कुठे झिरमिळ्या अचानक आखूड होतात (टी.व्ही. लागला असणार), हे त्यांना लांबून दिसतं. मागच्या रांगेतल्या एका देखण्या षटकोनी कंदिलाखाली त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. 'आई: अ-2. मुलगी: अजून सुरुवात नाही.'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आई आल्या. डब्याची पिशवी टेबलावर ठेवली. आता भांडण होणार म्हणून शिपाईमामाही दारात येऊन उभे राहिले.

"सर, मुलीचं राहू द्या. मी रात्री दोनपर्यंत जागले. मला अ-1 का नाही?"

सरांनी कंदील खाली उतरवला, उलटा केला आणि झिरमिळीच्या कडेवर बोट ठेवलं. "ताई, तुम्ही कात्री फिरवलीत. कात्री जागेवर ठेवायची, कागद फिरवायचा. तिसरीला शिकवतो आम्ही."

"आम्हाला नव्हतं हो शिकवलं. आमच्या या तासाला गणित असायचं."

सरांनी खिशातून बोथट कात्री काढली, एक घोटीव कागद दिला आणि स्टूल पुढे सरकवलं. मुलगी डबा खात खात बघत होती. "आई, अंगठा वर," ती म्हणाली. दाराबाहेर एक बाबा पाटीवर शिवनेरी घेऊन नंबराला उभे होते.