स्मरणशक्ती, व्हाया नवापूर

माझ्या विसराळूपणाला घरचे वय म्हणतात, मी चिंतन म्हणतो. थोर माणसांना किरकोळ गोष्टी आठवत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यातला विसरण्याचा भाग मला छान जमला, थोरपणाचं तेवढं बघायचंय.

सुरतच्या उधन्यात यावर औषधांना तोटा नाही. शेजारचे गुजराती काका बदाम सुचवतात, लूमच्या खात्यातला मित्र ब्राह्मी. दोन्ही आणली. पण रोज आठवणीने घेता आली असती, तर ती लागलीच कशाला असती?

शेवटी हे नॉर्मल आहे का, ते विचारायला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सफरचंद, टेबल, नाणं असे तीन शब्द दिले, घड्याळ काढायला लावलं आणि शब्द पुन्हा विचारले. मी धडाधड सांगितले. "ठणठणीत आहात," म्हणाले. ते तीन शब्द अजून डोक्यात ठाण मांडून आहेत; बायकोने सांगितलेल्या कोथिंबिरीला त्यामुळे जागाच मिळत नाही.

मग मी तिला हेर्मान एबिंगहाऊस ऐकवला. या जर्मन गृहस्थांनी निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ केली, स्वतःच विसरले आणि 1885मध्ये त्यावर पुस्तक काढलं. तासाभरात निम्म्याहून जास्त पाठांतर उडालं होतं. बायको म्हणाली, "अहो, ती निरर्थक होती. मी सांगते ते तसं असतं का?" विज्ञान इथे गप्प बसतं.

पण ताप्ती लाइनची स्टेशनं विचारा! चलथान, बारडोली, मढी, व्यारा, उकाई-सोनगड, नवापूर. नवापूर तर स्टेशनांचा राजा. अर्धा फलाट गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. तिकीट महाराष्ट्रात काढा, स्टेशनमास्तरला भेटायला गुजरातेत जा. एकाच बाकावर बसलेल्या नवराबायकोची राज्यं वेगळी. लहानपणी भुसावळ पॅसेंजर तिथे थांबली की मी एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून उभा राहायचो आणि दोन्ही सरकारांना वेठीस धरल्यासारखं वाटायचं. दारूबंदी नेमकी कोणत्या फरशीला संपते, यावर वडीलधाऱ्यांचं एकमत कधी झालं नाही. पुढे नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर. एकही चुकत नाही.

अमळनेरला आई असते. हल्ली फोनवर ती "जेवना का?" विचारते, मी हो म्हणतो, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच. पूर्वी मी चिडायचो. आता दर वेळी नवीन भाजी सांगतो. तिला कुणी तीन शब्द देऊन तपासू नये, असं मला फार वाटतं. डॉक्टरांना जे विचारायला गेलो होतो, ते खरं म्हणजे माझ्याबद्दल नव्हतंच.

परवा तिला खूश करायला मी सगळी स्टेशनं म्हणून दाखवली. ती शांतपणे म्हणाली, "अन् नरडाणा कुठं गेलं रे?"

वरच्या यादीतही ते नाही. वाचकांनी शिंदखेड्यानंतर आपापलं घालून घ्यावं.