सुटलेलं पोट, सुटलेली जीभ

जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. जपानात वर्षातून चारदा नव्या ॲनिमे मालिकांचा हंगाम लागतो आणि त्याच मुहूर्तावर आपल्याकडे ‘पहिलं मत’वाल्यांना कंठ फुटतो. भाग साधारण २४ मिनिटांचा असतो, यांचं मत नवव्या मिनिटाला तयार. शितावरून भाताची परीक्षा करणारे आपण सगळेच. पण हे महाशय तांदूळ निवडले जात असतानाच भात कच्चा म्हणून पानावरून उठतात.

२०२५च्या जानेवारीत यांच्या तावडीत ‘साकामोतो डेज’ ही मालिका सापडली. तारो साकामोतो म्हणजे एकेकाळचा असा मारेकरी, की त्याच्या नावाने बाकीचे मारेकरी चळाचळा कापत. हा गडी दुकानात काम करणाऱ्या एका मुलीच्या प्रेमात पडतो, धंदा सोडतो, संसार थाटतो. यथावकाश मुलगी होते आणि यथावकाश पोटही सुटतं. आता तो छोट्याशा दुकानाच्या गल्ल्यावर बसतो. घरचा नियम असा, की कोणाचाही जीव घ्यायचा नाही. म्हणजे मारामारी करायची, पण समोरचा जिवंत राहील याची काळजीही आपणच घ्यायची.

यावर ‘पहिलं मत’ आलं : “हीरोचं पोट पटत नाही.”

दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येणारा शिन यांना पटला. हाताला लागेल ती वस्तू हत्यार होते, तेही पटलं. गोळ्या चुकवणारा दुकानदारसुद्धा चालला. पोट मात्र चालत नाही! पुढे तर मारामारीच्या भरात कॅलरी जळून साकामोतोचं पोट सपाट होतं आणि पोटभर खाल्लं की जागेवर परत येतं. ज्यांच्या पोटाला आजवर येण्याचाच रस्ता माहीत आहे, त्यांना जाण्याची सोय खटकणारच. पण मजा अशी, की मालिकेतले बरेचसे गुंडही हेच करतात. आत शिरतात, पोटाकडे बघतात, “संपला हा” म्हणतात आणि थोड्याच वेळात आडवे झालेले दिसतात. आमचे पहिलं मतवाले त्याच रांगेतले. फरक इतकाच, की पडद्याबाहेर यांना आडवं करायला कोणी येत नाही. हळूहळू माझी खात्री होत चालली आहे, की त्यांना ही मालिका आवडली नाही याचं कारण त्यांना तीत आपलं पात्र ओळखू आलं.

दुसरी तक्रार : “ॲनिमेशन अडखळतं.” खरं सांगायचं तर काही ठिकाणी मारामारी मलाही ताठर वाटली, मालिका काही आभाळातून पडलेली नाही. पण यांनी ती बघितली कशी? फोनवर, दीडपट वेगाने, एक अंगठा सतत मेसेजवर. चित्र दीडपट पळवायचं आणि वर ते लयीत हलत नाही म्हणून नाक मुरडायचं! सेकंदाला २४ फ्रेम असतात. टीव्हीच्या ॲनिमेत एकच चित्र बहुधा दोन-तीन फ्रेम धरून ठेवतात, तरी एका सेकंदाला आठ-बारा चित्रं लागतात. हालचाल दिसावी म्हणून मधली चित्रं काढणारी पोरं जपानच्या या धंद्यात कित्येक वर्षं नगावर राबत आली आहेत. दर काय, तर चित्रामागे २०० येनच्या आसपास, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. रेघ चुकली की पुन्हा बसा. आणि त्यांची नावं ज्या दीड मिनिटात पडद्यावरून सरकतात, तेवढ्यात आमचा समीक्षक बटण दाबून पुढे पळालेला असतो! नायकाच्या पोटाचा घेर मोजायला वेळ आहे, ते पोट ज्यांनी गोल काढलं त्यांची नावं नजरेखालून घालायला नाही. यांना एकदा साधा चेंडू उसळताना काढायला बसवा. बारा चित्रं, एक सेकंद. दीडपट वेगाचा वगैरे नको, साधाच चेंडू.

तर पुढच्या हंगामाची मतं तयार करून बसलेल्या तमाम मंडळींना एक विनंती. वेग एकवर आणा, भाग पूर्ण बघा, शेवटची नावं सरकून संपू द्या. त्यानंतर मालिकेला खुशाल शिव्या घाला, मीही दोन घालीन.