प्रेमाचं घोडं कुठे पेंड खातं?

तासन्‌तास खेळ झाला. राक्षस मारले, सोबतिणीच्या प्रत्येक वाक्याला 'हो' म्हणून झालं. तरी रोमान्सचा तो प्रसंग काही येत नाही. मग खेळाडू छातीठोकपणे सांगतो, गेममध्ये बग आहे.

खोट आपल्यात असेल, हे कुठल्या प्रेमवीराला कधी सुचलंय?

'बाल्डर्स गेट ३' घ्या. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीनं २०२३ साली आणलेला. इथलं प्रेम जमतं रात्री, कॅम्पवर. लॉन्ग रेस्ट, म्हणजे रात्रभराची झोप, घेतल्याशिवाय बहुतेक प्रसंग सुरूच होत नाहीत, आणि नेहमीच्या पातळीवर एका रेस्टला ४० शिधा लागतो. काटकसरी खेळाडू शिधा साठवत राहतो, झोप टाळतो आणि वर विचारतो, सोबतीण शॅडोहार्ट गप्प का?

अहो, रात्रच होऊ दिली नाहीत, तर चांदणं पडणार कुठून?

अर्थात, सगळा दोष त्याचा नाही. खेळ सुरू होतो तोच मेंदूत घुसलेल्या अळीनं. थोड्याच दिवसांत तुमचा राक्षस होणार, पळा, असं जो तो बजावतो. बिचारा पळतो. प्रत्यक्षात त्या अळीला कसलीच घाई नसते. आधी घाबरवायचं आणि मग झोपला नाहीस म्हणून ब्रह्मचारी ठेवायचं!

त्यातून एका रात्री सहसा एकच प्रसंग. बाकीचे रांगेत. तुम्ही पुढच्या प्रदेशात पाऊल टाकलंत की रांगेतले काही कायमचे बाद. रेशन दुकानात आपला नंबर यायला आणि शटर पडायला एकच गाठ पडावी, तसं.

दुसऱ्या सोबतिणीची, कार्लाखची, तऱ्हा आणखी न्यारी. छातीत नरकातलं इंजिन धगधगतंय, हात लावाल तर भाजाल. उपाय? डॅमन नावाचा लोहार. नरकातलं खास लोखंड हुडकून त्याच्याकडे दोनदा न्यायचं. दुसऱ्या दुरुस्तीनंतर कुठे मिठी शक्य होते. पण मधेच तो असतो त्या लास्ट लाइट सराईवर हल्ला होतो. तिथे डॅमन गेला, की मिठीही गेली.

प्रेमात काका-मामा आडवे आलेले पाहिले होते. लोहार मेला म्हणून अडलेलं प्रेम हेच पहिलं.

खरे बग नसतात असं थोडंच आहे? याच गेममध्ये सुरुवातीला उलटा बग होता. अप्रूव्हलचा, म्हणजे सोबत्यांच्या पसंतीचा, उंबरठा चुकून इतका खाली ठेवलेला, की जो तो गळ्यात पडायला तयार. जादूगार गेल तर विशेष उतावीळ. ती चूकच होती, असं लॅरियनचे प्रमुख स्वेन विंक यांनी स्वतः सांगितलं.

अंगचटीला आले तरी तक्रार, नाही आले तरी तक्रार.

२००० सालच्या 'बाल्डर्स गेट २'मध्ये तर प्रेमाला घड्याळच लावलेलं. ठरावीक वेळ उलटली की पुढचा संवाद, आणि त्याची मोजदाद 'लव्हटॉक' नावाच्या आकड्यात. त्यातल्या सोबतिणीशी, जाहीराशी, सूत जमता जमता मधेच अडे. मग वीरपुरुष कन्सोल उघडून आकडा हातानं पुढे ढकलत. मनधरणी करण्यापेक्षा मीटर फिरवणं सोपं!

'सायबरपंक २०७७'मधल्या पॅनमला पुरुषी देहाचाच नायक चालतो. जूडीला देहही बाईचा हवा आणि आवाजही. पात्र घडवतानाच हा निकाल लागलेला असतो. नायिका घेऊन पॅनमच्या मागे अख्खं वाळवंट तुडवणाऱ्यांनी आता कोणता पॅच मागायचा?

समोरची 'नाही' म्हणते, हा बिघाड नसतो हो.

आणि दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्यांसाठी 'विचर ३' आहेच. ट्रिसलाही शब्द, येनेफरलाही शब्द. शेवटी दोघी मिळून नायक गेराल्टला पलंगाला जखडतात आणि निघून जातात. हा प्रसंग मात्र वेळेवर ट्रिगर होतो. तेलही गेलं, तूपही गेलं. हाती धुपाटणं, तेही बेडीसकट.

तेव्हा तक्रार लिहायला बसण्याआधी कॅम्पवर जा आणि दोन-चार रात्री लागोपाठ झोपा काढा. मॉड टाकले असतील तर काढून बघा. नवा प्रदेश लागण्याआधी एक सेव्ह वेगळा ठेवा. एवढं करूनही शॅडोहार्ट वळली नाही, तर ती भजते त्या शार देवीबद्दल आपण काय काय बोललो होतो, ते जरा आठवा.